आईचा गुडघा, दादाची गाडी आणि फ्लॉरेन्सची वेस

मे २०२३ मध्ये आम्ही पाच जण दहा दिवसांसाठी इटलीला गेलो होतो. आई (वय ६९, उजवा गुडघा दुखरा, ऑपरेशनचं नाव काढू देत नाही), दादा, वहिनी, नऊ वर्षांची भाची आणि मी. रोममध्ये तीन रात्री, फ्लॉरेन्समध्ये दोन, सिएनाच्या दक्षिणेला टस्कनीच्या खेड्यांत दोन, व्हेनिसमध्ये दोन आणि तिथूनच परतीचं विमान. मार्ग अगदी सरधोपट. इटलीला पहिल्यांदा जाणारी बरीच मराठी कुटुंबं थोड्याफार फरकाने हाच मार्ग धरतात. ओळखीतली कुणी ना कुणी तिकिटं काढण्याआधी मला फोन करून एकच विचारतात: गाडी घ्यावी की रेल्वेने जावं? प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा आमचं सगळं प्रकरण, चुकांसकट आणि खर्चासकट, एकदा नीट लिहून काढते आहे.

ठरलं कसं

दादा पुण्याचा. गेली वीस वर्षं दर मे महिन्यात आंबा घाटातून रत्नागिरीला गाडीने जातो. चालवतो उत्तम, रस्त्यावर कधी चिडत नाही. त्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला. तो वर्षभर चालतो, आणि इटलीत आपल्या मूळ लायसन्सबरोबर तो जवळ असावाच लागतो. तिकडे रहदारी उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला. त्यामुळे ऑटोमॅटिक गाडी घ्यायची हे त्याने आधीच ठरवलं होतं. ते शहाणपणाचं होतं, भाडं जरा वाढलं तरी.

हिशेब त्याने वहीत मांडला होता. चौथ्या दिवशी रोममध्ये गाडी घ्यायची, आठव्या दिवशी व्हेनिसमध्ये सोडायची. भाडं, पेट्रोल, टोल धरून सहाशे युरोच्या आत. रेल्वेने पाच जणांची तिकिटं आणि खेड्यांत फिरायला टॅक्सी धरली तर तेवढेच, कदाचित थोडे जास्त. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी. मग तो म्हणाला, "आईला काय स्टेशनांवर जिने चढायला लावायचे का? गाडी असली की दारातून बसायचं, दारात उतरायचं."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. मीही लगेच हो म्हटलं. या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे, म्हणून ते मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे. आपल्याकडे ते खरंच असतं. नाशिक असो, सांगली असो की दादर, गाडी दारापर्यंत जाते. दारात नाही तर गल्लीच्या तोंडापर्यंत तरी जातेच. पायाने अधू माणूस घरात असलं की गाडी हीच सोय, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की दुसऱ्या गावात ते खोटं ठरेल अशी शंकाही येत नाही.

चौथा दिवस: रोम ते फ्लॉरेन्स

गाडी घ्यायला आम्ही सकाळी साडेआठला तेर्मिनी स्टेशनच्या शेजारच्या गॅरेजात पोहोचलो. रांग होती, मग कागदपत्रं झाली. दादाच्या क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवली. भाचीची उंची दीड मीटरच्या खाली, म्हणून इटलीच्या कायद्याप्रमाणे तिला बूस्टर सीट लागली. तिचं भाडं वेगळं. पाच माणसं म्हणजे पाच बॅगा. साध्या हॅचबॅकमध्ये दोनच्या वर मावत नाहीत, म्हणून लांब बुडाची स्टेशन वॅगन घेतलेली. ती बघून भाची खूश झाली, दादा जरा गंभीर. गाडी बाहेर निघाली तेव्हा दहा वाजत आले होते.

पुढचे साडेतीन तास मात्र सुरेख गेले. ए-वन महामार्ग, म्हणजे मिलान ते नेपल्सचा 'सूर्याचा महामार्ग'. तो १९६४ मध्ये पुरा झाला. कमाल वेग १३०, पावसात ११०. टोल नाक्यावर आत शिरताना चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. पिवळ्या पट्ट्याच्या टेलेपासच्या (आपल्या फास्टॅगसारख्या) रांगेत शिरायचं नाही एवढं पाळलं की झालं. ओर्विएतोचं गाव कातळावर चढून बसलेलं रस्त्यावरूनच दिसतं. आई पुढच्या सीटवर होती, पाय लांब करून. दादाचं म्हणणं तोपर्यंत शंभर टक्के बरोबर होतं.

दीडच्या सुमारास फ्लॉरेन्स आलं. आमचं भाड्याचं घर सांता क्रोचे चर्चच्या बाजूला होतं. मालकाच्या मेलमध्ये किल्लीची पेटी, गरम पाण्याचा बंब, कचऱ्याचे वार वगैरे सूचना होत्या. त्यांच्या मधोमध एक ओळ होती की घर ज़ेडटीएलमध्ये आहे, गाडी आणू नका. आम्ही ती वाचली होती. तिथे पार्किंग मिळत नसेल, म्हणून सांगताहेत, असा तिचा अर्थ लावला.

अर्थ तो नव्हता. ज़ेडटीएल म्हणजे मर्यादित रहदारीचा भाग. परवाना असलेल्या गाड्यांखेरीज इतरांना ठरलेल्या वेळांत आत येण्याची बंदी. तिथे बॅरिकेड नसतं, पोलीस नसतो. रस्त्याच्या कडेला लाल कड्याची पांढरी गोल पाटी असते, वर कॅमेरा आणि शेजारी दिव्यांची पट्टी. पट्टीवर 'वार्को आत्तिवो' अशी अक्षरं पेटलेली असतील तर बंदी चालू. मध्ये 'नोन' असेल तर बंदी नाही. इटालियन न येणाऱ्याला 'आत्तिवो' हा शब्द चालू-चालू असा आमंत्रणासारखाच वाटतो. वार्को म्हणजे आत शिरायची वाट. आपल्या जुन्या गावांना असते ती वेसच.

आणि हे नुसतं बोलायला नाही. फ्लॉरेन्सला खरोखरीची तटबंदी होती. १८६५ मध्ये हे शहर काही वर्षांसाठी नव्या इटलीची राजधानी झालं तेव्हा ज्युझेप्पे पोज्जी या वास्तुविशारदाने आर्नो नदीच्या उत्तरेकडचा तट पाडून त्या जागी रुंद रस्ते काढले. काही दरवाजे तेवढे ठेवले. ते आजही चौकांच्या मधोमध एकटे उभे आहेत. आजचा बंदीचा भाग साधारण त्याच तटाच्या आतला. तट गेला, वेस राहिली, आता ती कॅमेऱ्याने राखली जाते. आतले रस्ते ज्या शतकात पडले त्यात दोन लादलेली गाढवं एकमेकांना ओलांडून गेली की पुरत होतं.

दादा फोनमधल्या नकाशाच्या आवाजावर चालला होता. रुंद रस्ता सोडून आत वळलो तसा रस्ता दोन वळणांत निम्मा झाला. डांबर संपलं आणि मोठ्या करड्या फरश्या सुरू झाल्या. चाकांचा आवाज बदलला, गाडी हादऱ्यांनी बारीक थरथरायला लागली. दोन्ही बाजूंना चार-चार मजली भिंती, मधोमध माणसं, आईस्क्रीम खाणारी, फोटो काढणारी. ती बाजूला होत होती, पण सावकाश, आणि आमच्याकडे वळून बघत. वहिनीने खिडकीतून हात काढून डाव्या बाजूचा आरसा आत दुमडला. आई म्हणाली, "अरे, हा रस्ता आहे की कुणाचं अंगण?" कुणीच उत्तर दिलं नाही. घरापासून अडीचशे मीटरवर गल्लीच्या तोंडाशी जमिनीतून वर आलेले तीन लोखंडी खांब होते. पुढे फक्त पायी.

स्टेशन वॅगन तिथून उलटी काढायला बारा मिनिटं लागली. एका दुकानदाराने बाहेर येऊन हातांनी खुणा केल्या, त्याचे उपकार. एकदिशा रस्त्यांनी फिरत फिरत आणखी एका कॅमेऱ्याखालून गेलो. हे दुसरं, तेव्हा कळलं नाही. शेवटी दादाने त्या भागातून सुटायचं म्हणून मोठं पार्किंग शोधलं. ते मिळालं सांता मारिया नोवेल्ला स्टेशनच्या खाली. तळघरात गाडी लावून, बॅगा ओढत लिफ्टने वर आलो, तर समोर रेल्वे स्टेशन आणि त्याच्या दाराशी पांढऱ्या टॅक्सींची रांग.

टॅक्सीला ज़ेडटीएलची बंदी नाही. टॅक्सीत चारच माणसं बसतात, म्हणून आई, वहिनी, भाची आणि सगळ्या बॅगा टॅक्सीने गेल्या. दादा आणि मी चालत, वीस-पंचवीस मिनिटं. टॅक्सीवाल्याने खांबांपाशी कार्ड दाखवलं, खांब खाली गेले आणि आई घराच्या दारात उतरली. तेव्हा तीन चाळीस झाले होते.

हे सगळं पुन्हा एकदा उलगडून बघा. सकाळी साडेआठला आम्ही तेर्मिनी स्टेशनशेजारी उभे होतो. तिथून फ्लॉरेन्सची वेगवान गाडी दीड तासात सांता मारिया नोवेल्लाला पोहोचते, आणि अशा गाड्या दिवसभर सुटत असतात. आम्ही सात तासांनी, गाडीने, त्याच स्टेशनाच्या खाली आलो आणि आईला दारापर्यंत न्यायला शेवटी टॅक्सीच करावी लागली. दारातून बसायचं, दारात उतरायचं हे रेल्वे अधिक टॅक्सीने जमलं असतं. गाडीने ते जमणारच नव्हतं.

यामागे कारण आहे आणि ते लक्षात घेतलं की बाकीच्या शहरांचाही अंदाज येतो. युरोपात रेल्वे आली एकोणिसाव्या शतकात. तेव्हा शहर अजून तटाच्या आसपासच संपत होतं, म्हणून स्टेशन तटाला लागून बांधलं गेलं. नंतर शहर कितीही पसरलं तरी स्टेशन जुन्या गावाच्या उंबऱ्यावरच राहिलं. मोटार आली तेव्हा आत जागा उरली नव्हती. जुनं गाव बघायला जाणारा पाहुणा रेल्वेने आला तर वेशीशी उतरतो, मोटारीने आला तर त्याने वेशीबाहेर कुठेतरी थांबावं अशी अपेक्षा असते. त्या 'कुठेतरी'ची सोयही केलेली असते. ए-वन महामार्गावर फ्लॉरेन्सजवळ व्हिला कोस्तान्झा नावाचं पार्किंग आहे. महामार्ग न सोडता थेट त्यात शिरता येतं, आणि तिथूनच सुटणारी ट्राम सांता मारिया नोवेल्लाला आणते. आम्ही त्या पार्किंगच्या पाटीवरून ताशी १२० च्या वेगाने पुढे गेलो होतो.

पाचव्या दिवशी गाडी दिवसभर तळघरात होती. फ्लॉरेन्समध्ये तिचा काही उपयोगच नव्हता. दुओमोपासून, म्हणजे मुख्य कॅथेड्रलपासून, जुन्या पुलापर्यंत सगळं चालण्याच्या अंतरात. आई जिथे थकली तिथे बसली, एकदा टॅक्सी केली. तिकडे तळघरात तास मोजले जात होते. एकूण जवळजवळ नव्वद युरो झाले. वहीत या रकान्यात शून्य होतं.

गाडीचे दोन दिवस

इथे थांबून "गाडी नकोच" असं म्हटलं तर ते खोटं होईल, कारण पुढचे दोन दिवस आमच्या सहलीतले सगळ्यात चांगले होते आणि ते गाडीमुळेच झाले.

सिएनाला सकाळी निघालो. फ्लॉरेन्स-सिएना द्रुतमार्गाला टोल नाही, सव्वा तासात पोहोचलो. या वेळी दादाने आदल्या रात्री बसून पार्किंग शोधून ठेवलं होतं: सांता कातेरिना, गावाच्या टेकडीच्या पायथ्याशी. तिथून सरकते जिने टप्प्याटप्प्याने वर नेतात आणि कॅथेड्रलच्या जवळ सोडतात. आई एकही पायरी न चढता सिएनात पोहोचली. सिएनाने आपला मुख्य चौक, पियाझ्झा देल काम्पो, १९६० च्या दशकातच मोटारींना बंद केला. इतक्या आधी निर्णय घेतल्यामुळे असेल, पण पाहुण्याची गाडी कुठे थांबणार आणि पाहुणा वर कसा येणार याचा तिथे नीट विचार झालेला दिसतो. गाडी घेऊन जुन्या शहरात जायचंच असेल तर असं जावं. पार्किंगचं नाव आधी ठरवावं आणि फोनला घराचा पत्ता द्यायच्या ऐवजी त्या पार्किंगचा पत्ता द्यावा.

सिएनाच्या दक्षिणेला ओर्चा नदीचं खोरं, व्हाल दोर्चा. गव्हाची शेतं, टेकड्या, माथ्यावर एखादं दगडी घर, तिथवर जाणारी सायप्रसची रांग. २००४ पासून हा सगळा प्रदेश जागतिक वारसा यादीत आहे. इथली गावं टेकडीच्या माथ्यावर आणि रेल्वे कधी टेकडी चढत नाही. पिएन्झाला स्टेशनच नाही. खोऱ्याच्या कडेने अशानोहून मोंते आंतिकोकडे जाणारा एक जुना फाटा आहे, पण त्यावरची रोजची वाहतूक १९९४ मध्ये बंद झाली. आता अधूनमधून हौशी प्रवाशांसाठी जुन्या डब्यांची गाडी सोडतात. बस आहेत, पण शाळेच्या वेळा सांभाळून धावणाऱ्या. आपल्याकडे वस्तीची एसटी असते तशा. एखादी चुकली की दुपार गेली.

आम्ही सान क्विरिको दोर्चाजवळ एका शेतावरच्या घरात राहिलो. तिथे खरोखर दारातून बसलो आणि दारात उतरलो. सकाळी दादा एकटाच कच्च्या पांढऱ्या रस्त्याने गाडी घेऊन गेला आणि पाव, चीज, टोमॅटो घेऊन आला. घराची मालकीण दुपारी पिची करत होती, पिठाची जाड शेवई, पाटावर तळहाताने वळून. आई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण थोड्या वेळाने आई पण शेवया वळत होती आणि मालकीण तिचा हात धरून 'आणखी बारीक' असं दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी बान्यो व्हिन्योनीला गेलो. या गावात जिथे चौक असायला हवा तिथे चौकाएवढं दगडी कुंड आहे आणि त्यात गरम पाण्याचे झरे. कुंडात उतरायची बंदी आहे, पण जास्तीचं पाणी दगडी पन्हळीतून गावाच्या कडेला वाहत जातं आणि लोक तिथे पाय सोडून बसतात. पार्किंगपासून तिथवर सपाट रस्ता, पाच-सात मिनिटांचा. आईने साडी घोट्यापर्यंत वर धरली, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "वज्रेश्वरीचं पाणी याहून कढत." मग तासभर उठली नाही. आम्हीही उठवलं नाही. रेल्वेचं वेळापत्रक डोक्यावर असतं तर तो तास मिळाला नसता.

आठवा दिवस: बेत बदलला

मूळ बेतात इथून गाडीने व्हेनिस होतं, सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. व्हेनिसमध्ये मोटार पियाझ्झाले रोमापर्यंत जाते आणि तिथे संपते. पुढे पाणी. म्हणजे दिवसभर चालवून पुन्हा बॅगा ओढणं आलंच. सातव्या रात्री दादाने स्वतःहून नकाशा काढला आणि म्हणाला, "गाडी फ्लॉरेन्सलाच सोडू या. शहरात नको, विमानतळावर." मला त्याचं फार बरं वाटलं. ज्याने हट्टाने गाडी घेतली त्यानेच ती नीट बघून सोडली.

फ्लॉरेन्सचा छोटा विमानतळ शहराच्या वायव्येला आहे, महामार्गाला लागून. तिथे जायला शहराच्या वेशीला शिवावंही लागत नाही. गाडी परत केली, आणि २०१९ मध्ये सुरू झालेली टी-टू ट्राम विमानतळाच्या दारातून घेऊन वीस-बावीस मिनिटांत सांता मारिया नोवेल्लाला आलो. ट्रामची जमीन फलाटाच्या पातळीत असते, आईला पाय उचलावा लागला नाही.

रेल्वेचंही सगळं गोड नाही, तेही लिहिते. तिकिटं दोनच दिवस आधी काढल्यामुळे पाच जणांचे सव्वादोनशे युरो गेले. महिना-दीड महिना आधी काढली असती तर दीडशेत झालं असतं. फलाटाचा क्रमांक सुटायच्या जेमतेम पंधरा मिनिटं आधी फलकावर आला. डबा पार पुढे. पाच बॅगा आणि एक दुखरा गुडघा घेऊन लांबच लांब फलाटावरून घाईने चालणं हा आईसाठी त्या दहा दिवसांतला सगळ्यात वाईट भाग होता. चढताना दोन पायऱ्या, त्यातली पहिली उंच. दादाने वरून हात दिला, मी खालून. चालताना त्रास होणाऱ्यांसाठी इटलीच्या मोठ्या स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाची मोफत मदत असते. व्हीलचेअर आणतात, डब्यापर्यंत नेतात, लिफ्टने चढवतात. पण आधी कळवावं लागतं. आम्हाला हे तिथे पाटी बघून समजलं, तोवर उशीर झाला होता. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिकीट काढतानाच हे कळवून ठेवावं.

दुसरी गोष्ट संपाची. इटलीत रेल्वेचे संप होतात, पण आधी जाहीर करून. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ लोकल गाड्या चालवाव्याच लागतात. आमच्या वाट्याला संप आला नाही, पण विमानाच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या गावी पोहोचलेलं बरं, म्हणून व्हेनिसला दोन रात्री ठेवल्या होत्या.

एकदा जागेवर बसलो की मात्र काही प्रश्न उरला नाही. फ्लॉरेन्स ते बोलोन्या हा अपेनाईन डोंगरातला वेगवान मार्ग २००९ मध्ये सुरू झाला. ७८ किलोमीटरपैकी ७३ किलोमीटर बोगदे आहेत. कोकण रेल्वेवरचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आणि तिथेही आपण कंटाळतो. भाचीने खिडकी बघून बघून शेवटी पडदाच ओढला. दोन तास आणि वर थोडी मिनिटं झाली आणि गाडी पाण्यावर आली. मेस्त्रे हे जमिनीवरचं शेवटचं स्टेशन सोडल्यावर खाडीवरचा लांब पूल लागतो. रेल्वेचा पूल १८४६ चा, मोटारींचा त्याच्या शेजारी १९३३ मध्ये झाला. सत्त्याऐंशी वर्षं व्हेनिसला जमिनीवरून जायची वाट रेल्वेचीच होती. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर आलो, समोर थेट मोठा कालवा. आई पायऱ्यांच्या वरच थांबली. बोटीचा धक्का खाली, पायऱ्यांच्या पायथ्याशी होता.

नऊ महिन्यांनी

ऑगस्टमध्ये दादाच्या कार्डावर भाड्याच्या गाडीच्या कंपनीने पन्नास-पन्नास युरोच्या दोन रकमा वळत्या केल्या. दादाला वाटलं, दंड असेल, मिटलं. तो दंड नव्हता. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांना कळवण्याचं ते कंपनीचं शुल्क होतं. करारात ते लिहिलेलं असतं, आम्ही वाचलं नव्हतं. खरा दंड फेब्रुवारी २०२४ मध्ये रजिस्टर पोस्टाने पुण्याला आला: दोन लिफाफे, दोन कॅमेरे, मध्ये चौदा मिनिटांचं अंतर. परदेशी राहणाऱ्याला नोटीस धाडायला कायद्याने ३६० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे सहलीनंतर सहा महिने काही आलं नाही म्हणून सुटलो असं समजू नये. प्रत्येक नोटिशीत ८३ युरो दंड, वर पोस्टाचा आणि चौकशीचा खर्च. नोटीस हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरला तर दंडात तीस टक्के सूट. दादाने तिसऱ्या दिवशी ऑनलाइन भरला.

एक गोष्ट तेव्हाच कळली आणि तिची हळहळ वाटते. फ्लॉरेन्समध्ये बंदीच्या भागातल्या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्याला सामान उतरवण्यापुरतं आत जाता येतं. हॉटेलने गाडीचा नंबर पालिकेला कळवलेला असला म्हणजे झालं. आमचं साधं भाड्याचं घर, मालकाला ती सोय नव्हती, आणि त्याने आपल्या परीने सांगितलंही होतं.

सगळी बेरीज दादाने त्याच वहीत पुन्हा केली. गाडीचं भाडं ४४०, रोमऐवजी दुसऱ्या शहरात सोडण्याचे ८०, बूस्टर सीट ३५, पेट्रोल आणि टोल ११०, फ्लॉरेन्सचं पार्किंग ९०, ऐनवेळची रेल्वे २२५, दंड खर्चासकट १४५, कंपनीचं शुल्क १००. एकूण १२२५ युरो. त्या वेळच्या दराने लाखाच्या वर रुपये. त्याच्या शेजारी दुसरा रकाना: रोम-फ्लॉरेन्स रेल्वे आधी काढलेली, खेड्यांसाठी फ्लॉरेन्सच्या विमानतळावरून दोन दिवस गाडी, फ्लॉरेन्स-व्हेनिस रेल्वे आधी काढलेली, दोन-तीन टॅक्सी. सहाशेच्या आसपास. आणि चौथ्या दिवसाची आख्खी दुपार.

फरक पैशांचा आहेच. पण मला जास्त लागली ती ती दुपार. आईचं वय बघता फ्लॉरेन्सला ती पुन्हा जाईल असं नाही. तिच्या वाट्याच्या तिथल्या दोन दिवसांतला अर्धा दिवस एका गल्लीत गाडी उलटी काढण्यात आणि तळघरातून वर येण्यात गेला.

या दिवाळीत वहिनीच्या बहिणीचं कुटुंब आलं होतं. मे महिन्यात त्यांना निघायचं आहे, बरोबर तिचे सासू-सासरे. दादाने वही उघडून त्यांच्यासाठी पान लिहून दिलं. वर मोठ्या अक्षरांत 'शहरं: रेल्वे आणि टॅक्सी'. खाली 'खेडी: गाडी, फक्त दोन दिवस, विमानतळावरून घेणे, विमानतळावरच सोडणे'. साला ब्लूला कधी कळवायचं ते तारखेसकट. आणि तळाशी आईने स्वतःच्या अक्षरांत एक ओळ घातली: 'बान्यो व्हिन्योनी, पाय सोडायला टॉवेल न्यावा.'